दगडाबाईचा चर

चप्पल कोठ्याच्या बाहेर काढायची. जनावरांच्या पायात काही नसतं, मग आपल्याच कशाला, म्हणायची.

गिरणीत दळण आणलं की आत यायची नाही. दारातल्या पायरीवर बसायची. दळण झालं तरी बसून राहायची.

मोबाइल कानाला लावायची नाही. आरसा धरावा तसा तोंडासमोर धरायची आणि ओरडायची.

सकाळी वाडीतून चक्कर मारताना प्रत्येक बंद घराचं कुलूप एकदा ओढून बघायची.

सांभाळायला आलेल्या जनावरांना मालकाच्या नावानं हाक मारायची. "ए बंकटची, सरक तिकडं."

संध्याकाळी त्यांना बातम्या सांगायची. कुणाची टोळी कुठं उतरली, कुणाच्या पोराला ताप आला, कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे हंगाम कधी संपणार. गाई कान हलवायच्या. तेवढं तिला पुरायचं.

भाकरी उभ्यानं खायची. बसून खायचं तर समोर माणूस लागतं, म्हणायची.

ती दगडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी कुणाच्या डोळ्यात भरू नये असं नाव ठेवलं. साठीच्या आसपासची. नक्की वय तिलाही माहीत नव्हतं आणि तिनं कधी विचारलंही नाही.

आमची वाडी शिरूर कासार तालुक्यात आहे. दसरा झाला की ती रिकामी होऊ लागते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. माणसं, भांडी, कोंबड्या, झोपडीचे बांबू, सगळं त्यात चढतं आणि ऊसतोडीला निघून जातं. मागं म्हातारी माणसं राहतात आणि आमच्यासारखी थोडी घरं. आमची पिठाची गिरणी आहे, म्हणून आम्ही जात नाही. त्या महिन्यांत गिरणीला फारसं काम नसतं. मी बीडला मराठी घेऊन एम.ए. केलं आणि परत आले. वडिलांच्या जागी गिरणीत उभी राहू लागले. दगडाबाई पायरीवर, मी पट्ट्याजवळ. आमची मैत्री तिथं झाली. वयाचा प्रश्न तिला कधी पडला नाही. ती मला शीला म्हणायची. रागात असली की सत्यशीला.

तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. दगडाबाई आणि तिचा नवरा म्हाळू असा एक कोयता कितीतरी हंगाम गेला. मग म्हाळू उसाच्या फडातच गेला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होता. पाय सटकला. पुढच्या हंगामात मुकादमानं तिला विचारलंच नाही.

"अर्धा कोयता कोण नेतं गं?" ती मला म्हणाली होती. हसत म्हणाली होती.

तेव्हापासून ती मागं राहू लागली. मुलगा अभिमन्यू आणि सून सुनिता जायचे. जाणारे लोक तयारीच्या दिवसांपासूनच आपल्या गाई, कालवडी, शेळ्या तिच्या कोठ्यात आणून बांधायचे. कोठा घराच्या समोरच होता. मधून पांदण जायची, म्हणजे गाडीवाट. ट्रॉल्या त्याच वाटेनं वाडीबाहेर पडायच्या. पलीकडे पत्र्याचा, तीन बाजूंनी कूड घातलेला कोठा. हंगामभर दगडाबाई तिथंच असायची. घरात फक्त चूल पेटवायला जायची.

अभिमन्यू दरवर्षी म्हणायचा, "चल की संगं. हितं एकटी काय करतीस?"

"एकटी कुठं हाय? दहा जणी हायत कोठ्यात."

"आन् मेलीस तर?"

"त्या हंबरतील. शीलाला ऐकू जाईल."

तोडीच्या ठिकाणी जायला तिचा ठाम नकार होता. मला ट्रॉलीत घालायचं तर बांधून घाला, म्हणायची. कारण तिनं सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वस्तीवर बिबट्यानं एक वासरू नेलं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली की कोठ्यावर रात्रभर उजेड ठेवा. दसऱ्याआधी बंकट दगडाबाईकडे आला. बंकट आमच्या वाडीतला मुकादम. त्याचीच टोळी, त्याच्याच ट्रॉल्या. त्याची एक गाय आणि एक कालवड तिच्याकडे असायची. बंकटनं जनावरं जिथं बांधली तिथं बाकीचे बांधायचे.

"काकू, औंदा उजेड पायजे. झकपक. न्हाई तर जनावर ठिवणार न्हाई."

"हाय की बल्ब."

"त्यो बल्ब हाय का काजवा? बिबट्या त्याच्याखाली बसून पेपर वाचंल, पळणार न्हाई."

आणि त्यानंच बाजारातून एक मोठा पिवळा बल्ब आणून दिला. जुन्या पद्धतीचा, काचेचा, दोनशे वॅटचा. दुसऱ्या दिवसापासून जनावरं पाणी पिईनाशी झाली.

हे लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवसभर चरून ती दिवेलागणीला परत यायची. कोठ्यात लोखंडी पिपाचा अर्धा भाग पुरलेला होता, त्यात दगडाबाई पाणी भरून ठेवायची. बाकीची जनावरं दोन घोट घेऊन मागं सरकायची. बंकटची कालवड तर पिपाला तोंडच लावायची नाही. नाक जवळ न्यायची आणि झटक्यात मान वर करायची. तिची हाडं दिसू लागली.

दगडाबाईनं पीप घासलं. पाणी बदललं. मीठ-मोहरी उतरली. गिरणीच्या पायरीवर येऊन बसली.

"शीला, कावून पेत न्हाई गं ती? मी काय केलं तिला?"

"डॉक्टरला दाखवू."

"दाखिवली. तो म्हनला जनावर चांगलं हाय. मंग मीच खराब असंन."

मी कोठ्यात गेले. ती चप्पल बाहेर काढून आत शिरली. मी तशीच गेले. पिपाजवळ उभी राहून ती म्हणाली, "हितं उभं राह्यलं की पायाला मुंग्या येतात. वय झालं आता."

पायात चप्पल असलेल्या मला काहीच वाटलं नाही.

पिपाच्या बाजूला एक मोडकी पहार जमिनीत रोवलेली होती. वरच्या टोकाला वायर गुंडाळलेली. पहारीला हळदकुंकू लावलेलं. दगडाबाईनं तांब्या उचलला आणि पहारीच्या बुडाशी पाणी ओतलं. वरचा बल्ब हळूहळू उजळला.

"बघ," ती म्हणाली. "पानी घातलं की खूश व्हती."

आमच्याकडे हे नवीन नाही. निम्म्या वाडीच्या कोठ्यांत असंच आहे. घरातून एकच वायर झाडांवरून न्यायची. दुसऱ्या वायरीचं काम जमिनीत रोवलेल्या लोखंडाला सांगायचं. दिवा लागतो. माती कोरडी पडली की मंद होतो, मग तिथं पाणी ओतायचं. म्हाळूनं ती पहार रोवली होती आणि पहिल्यांदा दिवा लागला त्या दिवशी दगडाबाईनं तिला कुंकू लावलं होतं. पुढं रोजचं झालं. ट्रॉल्या निघायच्या दिवशी पांदणीवरून गेलेली वायर ती सोडून ठेवायची, गेल्या की परत बांधायची.

त्याच आठवड्यात आमच्या गिरणीची मोटर बघायला अंगद आला. तो शिरूरचा वायरमन. घरगुती फिटिंगची कामं करतो. मोटरसायकलवर वायरीची भेंडोळी आणि तोंडात अखंड बडबड. मी त्याला दगडाबाईकडे नेलं.

पहार बघून त्याची बडबड थांबली.

"मावशी, हिला कुंकू कुणी लावलं?"

"मी. उजेड देती ती."

"आधी चप्पल घाला. घाला म्हन्तो ना."

त्यानं करंट मोजायचं छोटं मीटर काढलं आणि त्याची एक तार पिपाला लावली. दुसरी थोड्या अंतरावर मातीत खुपसली, जिथं पाणी पिताना गाईचे मागचे पाय येतात. काटा हलला. अंगदनं तो तिला दाखवला.

"हे बघा. पिपात अन् ह्या मातीत करंट हाय. बारका बल्ब व्हता तवा बारका करंट. आता तुमी दोनशेचा लावला. पानी वतलं की आनखी जोरात जातो. गाईनं तोंड लावलं की तोंडातून आत, मागच्या पायातून बाहीर."

"मला मुंग्या येतात त्या..."

"त्याच. मुंग्यांवर भागलं म्हनून बोलताय. एखाद्या दिवशी ही वायर हातात राह्यली तर मुंग्या न्हाई येणार."

दगडाबाई खाली बसली. कालवडीकडे बघत राहिली. तिला स्वतःचं काही वाटलं असं दिसलं नाही.

"म्हंजी मी रोज तिच्या तोंडाला चटका देत व्हते," ती म्हणाली. "आन् वरून म्हणत व्हते, पी माय, पी."

अंगदनं घरातला मेन स्विच बंद केला. झाडावरची वायर उतरवली. पहार उपटायला तो वाकला तेव्हा ती उठली.

"सरक. ह्यांनी रोवली व्हती. मीच काढते."

बराच वेळ लागला. ती हलवत राहिली, आम्ही उभे राहिलो. पहार निघाली तेव्हा तिनं ती उचलून कुडाला टेकवून ठेवली. मग पिपात हात घातला, पाणी ढवळलं आणि कालवडीला ओढत आणलं. कालवड अडली. नाक पुढं केलं. मागं घेतलं. परत पुढं केलं. मग तिनं पीप जवळजवळ कोरडं केलं. दगडाबाई तिच्या मानेला धरून उभी होती. अंगद म्हणाला, "मावशी, तिला श्वास तर घिऊ द्या." त्या संध्याकाळी ती मोठ्यानं हसली. तसं हसताना मी तिला परत पाहिलं नाही.

खरा उजेड कसा आणायचा ते अंगदनं समजावून सांगितलं. वरून वायर नाही. ट्रॉलीवर बसलेल्या माणसाच्या हाताला लागते. जमिनीखालून न्यायची. दोन्ही वायरी आणि अर्थिंगची तिसरी, अशी जाड केबल, पाइपात घालून. चर दोन फूट खोल, पांदणीखाली तीन फूट, कारण वर चाकं चालणार. पाइपावर वाळू, वाळूवर विटांची ओळ, मग माती. पुढं कुणी खणलं तर टिकाव आधी विटेला लागला पाहिजे. घरात असं बटण बसवायचं की करंट कुठं गळाला तर ते आपोआप पडेल. कोठ्यात वेगळी पेटी, वेगळा स्विच. दिवा शिंगं पोचणार नाहीत इतका उंच, जाळीत. आणि कोळसा-मीठ घालून वेगळं अर्थिंग.

"मंग परत जमिनीतच घालतोस की," दगडाबाई म्हणाली.

"ते राखणीला. त्याच्यावर दिवा लावायचा न्हाई. काय बिघडलं तरच त्याचं काम."

हे तिला पटलं. राखणीला बसलेल्याकडून दुसरं काम घेऊ नये, हे तिला कळत होतं.

"चर तुमी करून ठिवा," अंगद म्हणाला. "चर झाला की एका दिवसात दिवा लावून देतो."

वाडीत मजूर नव्हते. सगळे जायच्या तयारीत होते. अभिमन्यू झोपडीचे बांबू बांधत होता. दगडाबाईनं टिकाव घेतला.

आमची जमीन मुरमाड आहे. वीतभर खाली गेलं की टिकाव आवाज करतो. ती रोज थोडं खणायची. आधी घराच्या भिंतीपासून पांदणीच्या कडेपर्यंत. मी मुरूम ओढायला जायचे. मला चार घमेल्यांत दम लागायचा. ती म्हणायची, "तू कविता म्हण. काम मी करते." मी म्हणायचे. ती ऐकायची आणि म्हणायची, "ह्यात पाऊस लई पडतो. बाकी बरं हाय."

रात्री कोठ्यात अंधार असायचा. ती बॅटरी घेऊन बसायची. पण जनावरं पाणी पीत होती. कालवड भरू लागली.

मग कोठ्याच्या बाजूनं सुरू केलं. तो चरही पांदणीच्या कडेला आला. मध्ये फक्त वाट राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं वाटेवर पहिला घाव घातला आणि बंकट धावत आला.

"काकू, काय करती? परवा ट्रॉल्या भरायच्यात!"

"आज खनते, उद्या अंगद पाइप टाकंल, बुजवून देते."

"बुजवलेली माती बसंल का एका रातीत? भरलेल्या ट्रॉलीचं चाक रुतलं तर वरची बाया-पोरं कुठं जातील? म्हाळूकाकाचं इसरलीस का?"

त्यानं ते नाव घ्यायला नको होतं. पण तो बोलला ते खोटं नव्हतं. दगडाबाईनं टिकाव बाजूला ठेवला.

"बरं. ट्रॉल्या गेल्या की खनते. मंग दोन दिसात उजेड."

"मंग दोन दीस जनावराचं काय?"

"मी हाय की."

"तुला बघून बिबट्या पाया पडंल?"

बंकट वळला आणि तितक्यात अंगदची मोटरसायकल आली. बंकट त्याच्यावर घसरला.

"का बे अंगद, म्हातारीला खड्ड्यात घालून फिरतो व्हय? चालू असलेला दिवा बंद केला."

"चालू व्हता म्हनूनच बंद केला. तुझीच कालवड वाळली व्हती त्यानं."

"आमच्या बापजाद्यापासून असंच हाय. कोन मेलं?"

"नंबर लागला की कळंल."

बंकट परत दगडाबाईकडे वळला. आवाज खाली आणला. "काकू, आईक. ती पहार परत रोव. दोन दिसाचा प्रश्न हाय. बारका बल्ब लाव. मी जनावरं ठिऊन जातो, तू मंग सावकाश खन."

मला वाटलं, ती हो म्हणेल. दोनच दिवस होते. पहार कुडाला टेकलेली होती. वायर घरात गुंडाळून ठेवलेली होती. तिला जनावरं हवी होती. ती कोठ्यात राहिली तरच तिला, एकटी नाही म्हणत, इथं राहता येणार होतं, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं.

दगडाबाई कोठ्यात गेली. कालवड बसून रवंथ करत होती. तिच्या पाठीवर हात ठेवून ती बाहेर आली.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "आत्ता कुठं तिचा माझ्यावर इस्वास बसलाय."

"मंग मी उमापूरला मेव्हण्याला सांगतो. त्याचा टेम्पो उद्या येतोच हाय. तिकडं पक्का गोठा हाय, लाईट हाय."

मी मध्ये पडले. म्हणाले, दोन दिवस सगळी जनावरं गिरणीच्या दारात बांधू, तिथं उजेड आहे.

"दहा जनावरं गिरणीत?" बंकट हसला. "पीठ न्हाई राहायचं, शीलाताई. शेण दळावं लागंल." मग हसणं थांबवून म्हणाला, "माझं मन उठलं आता. गाय न्हाई, लेकरू हाय ते माझ्या घरचं. पुढल्या साली बघू."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. बंकटची गाय आणि कालवड चढली. ते बघून बाकीच्यांनीही सोय केली. कुणी शेळ्या बहिणीकडे पाठवल्या, कुणी गाय सासरवाडीला. वाईट कुणीच बोललं नाही. उलट प्रत्येकानं तिला कसलं तरी कारण सांगितलं. दुपारपर्यंत कोठा मोकळा झाला. कालवड टेम्पोत चढत नव्हती. दगडाबाईनंच तिला पुढून ओढलं आणि चढवलं.

संध्याकाळी ती गिरणीत आली. दळण नव्हतं. पायरीवर बसली.

"दावी तशीच हायत," ती म्हणाली.

मी चहा केला. तो तिनं हातात धरून ठेवला.

"काकू, दिवा लावून घेऊ आपण. पुढच्या वर्षी येतील परत."

"येतील."

"मी आहे इथं."

"हायस की." ती माझ्याकडे बघून बोलली. "तुला नोकरी लागंल. लागायलाच पायजे. मंग मी कुणाला बातम्या सांगू?"

मी तिच्या हातातला गार झालेला चहा परत तापवायला ठेवला.

सकाळी ट्रॉल्या निघाल्या. सगळी वाडी पांदणीवर उभी होती, म्हणजे आम्ही थोडे जण. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. तिसरीत अभिमन्यू आणि सुनिता होते. बोचक्यांच्या मध्ये, बाजेच्या पायाला धरून दगडाबाई बसली होती. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला. मला आधी ती ओळखूच आली नाही. म्हाळू गेल्यापासून मी तिला कधी कशावर बसून कुठं जाताना पाहिलं नव्हतं.

कुणी तिला बांधलं नव्हतं. तिला नेण्यासाठी अभिमन्यूला काही बोलावंही लागलं नाही. पहाटे आपणहोऊन बोचकं घेऊन आली, असं सुनितानं नंतर फोनवर सांगितलं. तिकडं ती झोपड्या राखते. फडात जात नाही. कुणाशी फारसं बोलत नाही.

ट्रॉली माझ्यासमोरून गेली तेव्हा ती वाकून ओरडली. इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज मोबाइलवर बोलताना असायचा तसाच होता.

"शीला! अंगदला सांग, पांदणीचं राह्यलं!"

मी हात वर केला. एवढंच जमलं. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.

अंगदला सांगितलं. तो म्हणाला, "पाइप कापून आणलाय मी. ठिऊन देतो."

परवा मी तिच्या घराकडं गेले. घराच्या बाजूचा चर भिंतीपासून सरळ आलेला आहे. कडा तिनं फावड्यानं तासून नीट केल्यात. कोठ्याच्या बाजूचाही तसाच. दोन्ही पांदणीच्या कडेला येऊन थांबलेत. मध्ये वाट आहे, तिच्यावर ट्रॉल्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या पडल्यात, आणि एका चाकोरीशेजारी तिनं घातलेला टिकावाचा तो एकच घाव आहे. तेवढं खणायचं राहिलं.